पाठीवरचं पाणी

आत्माराम घाडीगावकरला माणसं चेहऱ्याआधी खांद्यावरून ओळखू यायची. मनवेलपाड्याच्या रस्त्यानं समोरून कोण येतंय हे सांगायला त्याला वेळ लागे, पण येणाऱ्याच्या बॅगेचा डावा पट्टा दोन बोटं लांब आहे हे तो विजेच्या खांबापासून सांगे. शाळेची पोरं दप्तराखाली वाकून चालताना दिसली की याची कपाळाची शीर उठायची. "कुठल्या गाढवानं शिवलंय हे?" असं तो भर रस्त्यात मोठ्यानं विचारी. पुष्कळदा ते त्याच्याच कारखान्यात शिवलेलं असे, आणि मग घरी येऊन तो तासभर कोणाशी बोलत नसे.

देवगडकडचं एक खेडं सोडून तो मुंबईला आला, तो गोरेगावच्या बॅगांच्या कारखान्यात शिरला आणि तिथंच त्याची वीस वर्षं गेली. एक्क्याण्णव साली विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात दुसऱ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. पुढं कारखाना बंद पडला, तेव्हा त्यानं जुनी शिलाई मशीन उचलून आणली आणि बिल्डिंगच्या जिन्याखालच्या जागेत मांडली. लोक त्याला गाळा म्हणत. उभं राहिलं तर डोकं आपटेल अशी ती जागा होती, पण आत्माराम दिवसभर बसलेलाच असल्यामुळं त्याचं काही अडलं नाही. दप्तरं, टिकाऊ पिशव्या, गवंड्यांच्या हत्यारांच्या थैल्या असं तो शिवायचा. बोलायला तिरसट, कामात चोख. ओझं हलकं करणं आपल्या हातात नाही, पण ते अंगावर कुठं बसवायचं हे पूर्णपणे आपल्या हातात आहे, असं त्याचं ठाम मत होतं, आणि त्यापलीकडं त्याला जगाबद्दल फारशी मतं नव्हती.

त्याची बायको सुनंदा ओझ्याबद्दल काही बोलत नसे. ती ते वाहत असे. मनवेलपाड्यात तेव्हा नळाला पाणी यायचं ते नावाला. एक दिवसाआड कोपऱ्यावर टँकर उभा राही आणि सुनंदा एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर घेऊन दोन जिने चढे. टँकर संपत आला की शेवटचा हंडा अर्धाच मिळे. त्या अर्ध्या हंड्यात ती फाटकाशेजारच्या बदामाच्या झाडाचं एक रुंद पान टाकून आणायची. गावची सवय. एकदा आत्मारामनं "काय हा कचरा" म्हणून ते पान काढून खिडकीतून फेकलं होतं. ती नुसती हसली होती.

यांची एकुलती एक मुलगी स्वप्ना. पाय लांब, बोलणं कमी, आणि बापासारखीच हट्टी. नववीत असताना शाळेच्या शर्यतीत ती पहिली आली आणि तिथून ते वेड लागलं. क्लबच्या सरांनी तिला लांब पल्ल्याला घातलं. रोज पहाटे ती पूल ओलांडून पश्चिमेला जाई, बोळींज, आगाशी करत वटारपर्यंत धावे आणि परत येई. वटारला तिची मैत्रीण सालोमी तिला येऊन मिळे. सालोमीचे वडील फेबियन यांची तिथं केळीची आणि फुलांची वाडी होती. बाप कोकणातला बॅगवाला, मैत्रिणीचा बाप वटारचा बागायतदार, पण दोन्ही पोरींचं मेतकूट असं जमलं की रविवारी स्वप्नाचं अर्धं जेवण इझाबेलच्या, म्हणजे सालोमीच्या आईच्या, हातचं होऊ लागलं.

दोन हजार एकच्या मार्चात स्वप्ना वटारच्या वळणावर पडली. अठरा वर्षांची धडधाकट पोरगी पाय मोडल्यासारखी खाली बसली आणि तिला आपलं नाव सांगता येईना. फेबियननं तिला उचलून ओट्यावर आणलं, इझाबेलनं ओले टॉवेल गुंडाळले, नारळ फोडून चमच्यानं पाणी पाजलं. तासाभरानं ती बोलली. विरारच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, हिच्या अंगातून घाम इतरांच्या दुप्पट जातो. दर दोन किलोमीटरला चार घोट पाणी पोटात गेलं पाहिजे, थांबून नव्हे, धावता धावता. ते जमत नसेल तर धावणं सोडायचं. पुढच्या वेळी ओटा जवळ असेलच असं नाही.

घरी आल्यावर सुनंदानं निकाल लावला. "बास झालं. पोरगी वाचली, एवढं पुरे. ते बूट माळ्यावर टाका."

स्वप्ना भिंतीकडं तोंड करून पडली होती. ऑक्टोबरात अर्नाळा ते वसई किल्ला अशी वीस किलोमीटरची शर्यत होती. पहिल्या तिघींना जिल्ह्याच्या संघात घेणार होते, आणि संघातून पोलीस भरतीच्या खेळाडूंच्या जागांसाठी अर्ज करता येत होता. सहा महिने ती त्याच गोष्टीवर उठत होती आणि झोपत होती.

"बूट राहू देत," आत्माराम म्हणाला. "पाणी तिच्या अंगावर बसवून देणं माझं काम."

"आणि ती प्यायली नाही तर?"

"पाठीवर पाणी असताना न प्यायला काय झालं?"

"तुमच्या जबाबदारीवर," सुनंदा म्हणाली.

"माझ्या जबाबदारीवर," तो म्हणाला. स्वप्नानं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं, आणि बापाला त्या क्षणी आपण फार मोठे आहोत असं वाटलं. वाटणारच. एकुलती पोरगी तशी बघते तेव्हा कोणालाही वाटतं.

असलं काही बाजारात मिळत असेल हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी त्यानं दुसऱ्याचं शिवलेलं तिच्या अंगावर घातलं नसतं. पहिल्यांदा त्यानं कमरेला पट्टा आणि मागं बाटली असं केलं. स्वप्ना फाटकापर्यंत धावून आली तर कमरेवर रुपयाएवढा लाल डाग. मग दोन लहान बाटल्या, दोन बाजूंना. पट्टा धावता धावता वर सरकून बरगड्यांशी गेला. मग एका खांद्यावरून तिरकी थैली. ती तर ढोलासारखी बडवत होती. आत्मारामचं जेवणावरून लक्ष उडालं. गिऱ्हाइकांवर तो खेकसायला लागला. एका गवंड्याची थैली त्यानं उलटी शिवली आणि वर त्यालाच सुनावलं.

एप्रिलात तो वटारला गेला. पोरीला वाचवलं त्याचे आभार मानायला जायचं म्हणून निघाला, पण नुसतं हात हलवत कोणाकडं जाणं त्याला जमत नसे, म्हणून सोबत सुई, दोरा आणि निवारीची पट्टी घेतली होती. फेबियन तेव्हा केळीवर फवारणी करत होता. पाठीवर पंधरा लिटरचा पंप, पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि तासभर झाला तरी पाठ ताठ. आत्माराम आभार विसरला. फेबियनच्या मागं मागं वाडीभर हिंडत तो त्या पंपाचे पट्टे बघत राहिला.

"जड नाही होत?"

"भरलेला असला की नाही होत," फेबियन म्हणाला. "भरलेला पंप पाठीला धरून राहतो बघ. अर्ध्यावर आला की जरा खोड्या काढतो, पण मला कुठं धावायचंय?"

यातलं पहिलं वाक्य आत्मारामनं ऐकलं. पुढचं कानावर पडलं असेल, पण तोवर त्याची बोटं पट्ट्याचा कोन मोजायला लागली होती, आणि त्याची बोटं काम करू लागली की कान बंद पडत. त्यानं पंपाचा फाटका पट्टा नवीन शिवून दिला, नारळाची पिशवी घेतली आणि घरी येईपर्यंत वाटेत कोणाला ओळख दाखवली नाही.

वालीवला प्लास्टिकचे डबे बनवणारा एक ओळखीचा माणूस होता. त्याच्याकडून त्यानं दीड लिटरचा एक कोरा, चपटा कॅन आणला, पाटीसारखा. मग स्वप्नाची पाठ घ्यायची ठरली. तिला जुना टी-शर्ट घालून उभं केलं आणि वर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे थर चढवले. अर्धा तास हलायचं नाही. "बाबा, गुदगुल्या होतात," ती म्हणे. सुनंदा ताटाच्या झाकणीनं वारा घाली आणि म्हणे, "उद्याच्या पेपरात पोरीच्या पाठीवरच्या बातम्या वाचा." त्या दिवशी त्या घरात फार हसणं झालं. कागदाचा साचा वाळल्यावर आत्मारामनं कॅन उकळत्या पाण्यात धरून मऊ केला आणि साच्यावर दाबून दाबून तिच्या पाठीचा बाक त्याला दिला.

मग खरं काम. आतून अस्तराला सुनंदाचं जुनं सुती पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेलं. सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला, म्हणजे कातडीला दोरा लागायला नको. छातीवरच्या पट्ट्याचं माप घेताना त्यानं तिला पूर्ण श्वास भरायला लावला आणि बकल त्या श्वासावर बेतलं. काखेशी फोम कापून गादी घातली. कॅनच्या बुडातून नवी कोरी नळी, खांद्यावरून पुढं तोंडापाशी. ओढून पाणी येईना तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आत हवा जायला वाट नाही, म्हणून तापलेल्या सुईनं झाकणाला एक बारीक भोक पाडलं. पाणी धारेनं आलं. त्या भोकाचा त्याला इतका अभिमान वाटला की गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ते दाखवलं. पट्टे त्यानं अकरा वेळा उसवले. प्रत्येक वेळी स्वतःच्या पाठीवर घालून गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. त्याचा गुडघा धरलेला होता, धावणं त्याला शक्य नव्हतं. आणि प्रत्येक वेळी सुनंदा तो कॅन तोंडाशी भरून द्यायची. घराबाहेर जाणारं भांडं अर्धं द्यायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. टँकरचं पाणी, पण पोरीच्या कॅनला ती एक थेंब कमी करत नसे.

जूनच्या सुमारास ते तयार झालं. स्वप्ना जिना उतरून फाटकापर्यंत गेली, वळली, धावत आली.

"कसं वाटतं?"

"कळतच नाही बाबा पाठीवर काही आहे ते."

हे खरं होतं. पहिल्या दिवशीचं, भरलेल्या कॅनचं, अक्षरशः खरं.

आठवड्याभरानं ती गाळ्यावर आली. आत्मारामच्या तोंडात टाचण्या होत्या, समोर तीस दप्तरांची ऑर्डर होती आणि शाळा चार दिवसांवर आली होती. "बाबा," ती म्हणाली, "थोडं प्यायलं ना, की मागं डुचमळतं. पाठीवर आपटतं. श्वासाचा ताल जातो."

"तोंडाशी भरत जा," तो टाचण्यांतून म्हणाला. "भरलेलं हलत नाही."

"पण प्यायल्यावर..."

"अगं, भरलेलं हलतं का? सांग."

"भरलेलं नाही हलत."

"मग झालं तर."

"बरं" म्हणून ती गेली. आता हे काही उत्तर नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण आत्मारामला त्या दिवशी उत्तर द्यायचंच नव्हतं. अकरा वेळा उसवलेलं बाराव्यांदा उसवायचं बळ त्याच्यात नव्हतं, आणि जे आपण इतक्या जणांना दाखवलं त्यात खोट आहे हे ऐकायची तर मुळीच तयारी नव्हती. पोरगी ते ओळखून होती. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि खरंच सगळं सुरळीत झालं. रोज सकाळी ती परत येई, पाठीवरचा कॅन काढून मशीनवर ठेवी. कॅन रिकामा असे. आत्माराम तो उलटा करून सुनंदाला दाखवी, "बघ, थेंब नाही." सुनंदाच्या मनातली अढी हळूहळू गेली. सप्टेंबरात तर तिनं स्वतःच नव्या बुटांचा विषय काढला.

शर्यत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होती. सकाळी साडेसहाला सुटणार, उन्हाच्या आत संपणार, असं पत्रकात छापलं होतं. पण झेंडा दाखवायला बोलावलेले पाहुणे नऊला उगवले. मग हार झाले, मग दोन शब्द झाले, ते दोन शब्द अर्धा तास चालले, आणि पोरी अर्नाळ्याच्या वाळूत उभ्या राहून तापत राहिल्या. पावणेदहाला शर्यत सुटली. ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते वसईकराला सांगायला नको. वारा पडलेला, खाली डांबर, वर ते.

सुनंदा घरी होती, कारण तो टँकरचा दिवस होता. आत्माराम निर्मळला पाण्याच्या मांडवापाशी जाऊन उभा राहिला. गावातल्या बायकांनी मडकी भरून ठेवली होती. बायजा नावाची एक म्हातारी भाजीवाली रस्त्याच्या कडेला वाकून प्रत्येक पोरीपुढं पेला धरत होती. कोणी घोटभर पिई, कोणी डोक्यावर ओती.

पहिल्या दोघी गेल्या. मग वळणावर स्वप्ना दिसली. तिसरी. तिच्यामागं बरंच अंतर मोकळं होतं. आत्मारामनं आधी, अर्थातच, पट्टे बघितले. जागच्या जागी होते. कॅन पाठीला असा बसला होता की जणू तिच्याबरोबरच वाढला असावा.

"ए पोरी, पानी घे!" बायजा पेला घेऊन पुढं झाली.

"तिला नको, मावशी," आत्माराम मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिच्या पाठीवर आहे. मी शिवलंय ते."

बायजानं पेला मागं घेतला. स्वप्ना बापाकडं बघून हसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिचा उजवा हात पेल्याकडं थोडा पुढं आला होता, की आपल्याला ते नंतर वाटायला लागलं, हे त्याला मरेपर्यंत ठरवता येणार नव्हतं. ती गेली. तो तिच्या पाठीकडं बघत राहिला.

किल्ला दोन-अडीच किलोमीटरवर असताना स्वप्ना आधी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वेडीवाकडी धावली, मग उलट्या दिशेला वळली, आणि पडली. लोकांनी रिक्षात घातलं. आत्माराम दवाखान्यात पोचला तेव्हा तिच्याभोवती बर्फाच्या पिशव्या होत्या आणि ती त्याला ओळखत नव्हती. अंग पेटलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता.

तासाभरानं नर्सनं एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. आत बूट, कापलेला टी-शर्ट आणि ते. आत्मारामनं पिशवी घेतली आणि त्याचा हात खाली गेला. आयुष्यभर ज्यानं ओझी तोलली त्याच्या हाताला वजनकाटा लागत नाही. दीड लिटर. एक घोटही कमी नव्हता.

त्याला ते समजायला वेळ लागला. आधी त्याला वाटलं नळी चोंदली. त्यानं तिथंच बाकावर बसून नळी तोंडात धरली, ओढली. पाणी आलं. कोमट, स्वच्छ, सुनंदानं पहाटे भरलेलं. त्यानं ते गिळलं नाही. तसंच तोंडात धरून तो बसून राहिला.

खाटेपाशी फक्त एकाला थांबू देत. तो थांबला. वर सलाइनची मऊ पिशवी लटकत होती. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो तिच्याकडं बघत बसला. पाणी उतरत होतं तशी पिशवी आकसत होती. तिच्या भिंती एकमेकींना चिकटत जात होत्या. आत हवा शिरतच नव्हती. अर्धी झाली तरी तिच्यात हलायला पाण्याला जागा नव्हती. तो उठला, बोटानं पिशवीला हळूच टिचकी मारली. आवाज नाही. डुचमळ नाही. नर्स ओरडली तेव्हा तो पुन्हा खाली बसला. झाकणाचं ते भोक त्याच्या डोळ्यांपुढं आलं, ज्यातून घोटागणिक हवा आत जाणार आणि पाणी मोकळं होणार. साधी गोष्ट. मऊ पिशवी. निव्वळ एक मऊ पिशवी.

संध्याकाळी सालोमी आली. ती चौथी आली होती आणि तिच्या पायात अजून शर्यतीचेच बूट होते. फेबियन तिच्यामागं मान खाली घालून उभा होता.

"रोज रिकामा आणायची की," आत्माराम तिला म्हणाला. तो विचारत नव्हता, जणू स्वतःची साक्ष काढत होता. "मी रोज उलटा करून बघायचो."

सालोमी रडायला लागली. "आमच्या वाडीच्या पाटात ओतायची काका. परत निघताना. आणि आमच्या घरी तांब्याभर प्यायची. अर्धा झाला की पाठीवर आपटतो म्हणायची, म्हणून धावताना तोंडच लावायची नाही. सकाळी थंड असायचं, निभायचं. मी म्हटलं तिला, बाबांना सांग. तर म्हणाली, सांगितलं एकदा. परत नको."

"आज काढून टाकायचा होता."

"मी म्हटलं काका. अर्नाळ्याला म्हटलं, काढ, मांडवातलं पाणी पी." तिनं बापाकडं बघितलं, मग पुढचं बोलली. "ती म्हणाली, बाबा निर्मळला उभे आहेत."

मंगळवारी सकाळी स्वप्ना गेली. मूत्रपिंडं बंद पडली होती, डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. सुनंदा "तुमच्या जबाबदारीवर" हे शब्द एकदाही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं असं आत्मारामला वाटे. तो वाट बघे. जेवायला वाढताना ती समोर वाकली की त्याला वाटे, आता बोलेल. ती मीठ वाढून आत जाई.

तेराव्यानंतर एका सकाळी ती टँकरवरून आली. शेवटचा हंडा होता, अर्धा. त्यात बदामाचं पान तरंगत होतं. आत्माराम दारात बसला होता. त्यानं दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"हे पान कशाला टाकतेस?"

"अर्धा हंडा हिंदकळतो," ती म्हणाली. "पान टाकलं की पाणी गप राहतं." ती हंडा घेऊन आत गेली. आतून, भांड्यांच्या आवाजातून, बोलली, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पाणी वाहणारी बाई घरातच होती."

आत्माराम त्या दिवशी जिन्याखाली जाऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. वरच्या मजल्यावर जाणारे लोक पावलं हळू टाकत गेले.

पुढं चार वर्षं तो दप्तरंच शिवत राहिला. पण दप्तरांच्या मागं, खुंटीला, एकेक मऊ पिशवी जमू लागली. कधी रबराची, कधी जाड प्लास्टिकची, कडा तापवून चिकटवलेली, हवेला वाट नसलेली. कोणी विचारलं तर तो सांगत नसे. क्लबच्या सरांच्या कानावर मात्र गेलं आणि ते एकदोन पोरांना पाठवू लागले. आत्मारामची तऱ्हा मनवेलपाड्यात चेष्टेचा विषय झाली. तो पाठीवर पिशवी बांधून देई, समोर उभं राहून अर्धं पाणी प्यायला लावी, मग त्या पोराला फाटकापर्यंत पळवी आणि परत आल्यावर उड्या मारायला लावी. त्या उड्या चालू असताना हा म्हातारा त्याच्या पाठीला कान लावून वाकलेला. जरा आवाज आला की कात्री घेऊन तिथल्या तिथं पिशवी कापून टाकी. पोरं हसत. तो हसू देई.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात सालोमी आली. शर्यतीनंतर तिनं धावणं सोडलं होतं. आता पुन्हा सुरू करायचं म्हणाली. आत्मारामनं मोजपट्टी घेतली. पूर्ण श्वास भरायला लावून छातीचं माप घेतलं. आठवड्यानं पिशवी तयार झाली. सुनंदा वरून आली आणि तिनं ती भरली, तोंडाशी, आतली हवा दाबून काढून. तिनंच दाबली, तिला न सांगता कळलं होतं.

सालोमी अर्धं प्यायली, फाटकापर्यंत धावली, उड्या मारल्या. आत्मारामनं तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावला.

"आवाज येतो का काका?"

"नाही."

ती बोळींजपर्यंत धावून आली. पिशवी काढून तिनं मशीनवर ठेवली. चपटी, रिकामी. तो ती उलटी करून बघेल म्हणून ती थांबली होती, हे सुनंदालाही कळत होतं. आत्मारामनं पिशवी हातात घेतली नाही. रिकाम्या पिशवीवर त्याचा विश्वास राहिला नव्हता आणि पुन्हा कधी बसणारही नव्हता. त्यानं कोपऱ्यातला तांब्या उचलला, पेला भरला आणि तिच्यापुढं धरला.

"माझ्यासमोर पी," तो म्हणाला.

ती प्यायला लागली. आत्माराम तिच्या गळ्याकडं बघत उभा राहिला. पाणी खाली उतरताना गळा हलतो, तो शेवटच्या घोटापर्यंत हलला, आणि मग त्यानं दुसरा पेला भरला.